खाच सरकते तेव्हा

पाऊस येतो त्याचं कौतुक सगळ्यांना असतं. तो जायला लागला की मला धास्ती वाटते. अनंत चतुर्दशी झाली, पेणच्या मूर्तिकारांच्या शेडमध्ये रंगाचे रिकामे डबे तेवढे उरले, सकाळी दोरीवर टाकलेला टॉवेल दुपारी खरोखरच वाळला, की मला कळतं, आले ते दिवस. शेजारणी म्हणतात, बरं झालं बाई, घरातला कुबट वास एकदाचा गेला. मी हो म्हणते आणि मनातल्या मनात हवेतल्या दमटपणाचा अंदाज बांधत बसते. काही लोकांना उठल्यासुटल्या रक्तदाब मोजायची खोड असते, त्यातलीच ही.

यंदाही तेच झालं. परवा सकाळी पेणहून रोह्याला जाणाऱ्या गाडीत खिडकीशी बसले होते. कासू आलं. रुळांच्या दोन्ही अंगांना भात पिवळं पडत आलेलं, त्याच्यावर धुकं. गाडी हलली तसं धुकं उचललं आणि ऊन एकदम मांडीवर येऊन बसलं. समोरच्या बाईनं टोपलीतल्या माठाच्या जुड्यांवर ओलं फडकं टाकलं. मी पुटपुटले, सकाळी नव्वद, दुपारी पंचावन्न. बाईला वाटलं मी भाजीबद्दल काही विचारतेय. खरं तर आता माझ्याकडे ना ती काच आहे, ना ती पेटी. तरी जीव घाबरायचा तो घाबरतोच.

ती काच म्हणजे माझी पीएच.डी. अंगठ्याच्या नखाएवढी, मुंबईच्या एका संस्थेतून तयार करून आणलेली. तिच्यावर समांतर रेषा कोरलेल्या, इतक्या बारीक की उजेडाच्या लाटेलाही त्यांच्यामधून सरळ जाताना विचार करावा लागावा. पुस्तकात तिला विवर्तन जाळी म्हणतात. नुसत्या डोळ्यांना ती किंचित निळसर दिसते, बाकी काही नाही. तिच्यावर पांढरा उजेड सोडायचा आणि पलीकडे काय पोचतं ते मोजायचं. सगळे रंग निमूट पार होतात, एक सोडून. तो एक रंग रेषांमध्ये अडकतो, काचेवरच्या पातळ थरातून आडवा धावतो, पुन्हा पुन्हा स्वतःलाच भेटतो आणि आल्या वाटेनं मागे फिरतो. याला अनुनाद म्हणतात. झोपाळ्याला नेमक्या वेळी धक्का दिला की तो उंच उंच जातो, तसं त्या एकट्या रंगाचं होतं. आलेखावर त्याच्या जागी एक खोल, अरुंद खाच पडते. माझी तीन वर्षं त्या खाचेत गेली.

खाच पाडणं फारसं कठीण नव्हतं. तिला एका जागी राखणं कठीण होतं. काच केसभर कलली की ती सरकते. हवा दमट झाली तरी सरकते, कारण वरचा थर पाणी पिऊन फुगतो. पण फुगला की तो विरळही होतो. फुगण्यानं खाच एका बाजूला जाते, विरळ होण्यानं दुसऱ्या. माझं म्हणणं असं होतं, की थराची जाडी नेमकी साधली तर दोन्हींची फिट्टंफाट होईल आणि कोकणातल्या पावसाळ्यातसुद्धा खाच जागची हलणार नाही. हे कागदावर मांडण्यात एक अख्खं वर्ष गेलं. आणि त्या पावसाळ्यात ते खरं ठरताना मी माझ्या डोळ्यांनी बघत होते.

रोह्याच्या एका कॉलेजात मी तासिका तत्त्वावर शिकवत होते. रोज मुंबई गाठणं शक्य नव्हतं, म्हणून सरांनी, म्हणजे माझ्या मार्गदर्शकांनी, मोजायची यंत्रं मला रोह्याला नेऊ दिली. प्रयोगशाळेच्या मागे एक डार्करूम होती. तिथे सुताराकडून करून घेतलेली, आतून काळी रंगवलेली, झाकणाची लाकडी पेटी ठेवली. पेटीत काच, दिवा आणि तारांचं जंजाळ. बाहेर भिंतीवर हवेतला दमटपणा दाखवणारं काट्याचं यंत्र. जुलै गेला, ऑगस्ट गेला. भिंतीवरचा काटा ऐंशीवरून पंच्याण्णववर जायचा, परत यायचा, छताच्या कोपऱ्यात बुरशीचे नकाशे वाढायचे, आणि खाच जागची हलायची नाही. मी सरांना रोज आलेख पाठवायचे. एकदा त्यांनी उत्तरादाखल नुसता अंगठा पाठवला. तो अंगठा मी दिवसातून चार वेळा उघडून बघत असे.

एवढ्या आनंदाला कारणही तसंच होतं. त्याच कॉलेजात भौतिकशास्त्राची एक कायम जागा निघणार होती, मुलाखती पुढच्या मे महिन्यात. पदवी हातात असेल तरच अर्ज. पदवीसाठी प्रबंध, प्रबंधाच्या आधी तुळशीच्या लग्नानंतरचा सेमिनार, आणि सेमिनारात दाखवायला ती न हलणारी खाच. अशी सगळी उतरंड होती. तळाचं मडकं कुठलं ते मला पक्कं ठाऊक होतं.

डार्करूमची किल्ली हिराकाकींकडे असायची. त्या आमच्या प्रयोगशाळेच्या परिचर. पन्नाशी उलटलेल्या, सातवीपर्यंत शिकलेल्या, धरमतर खाडीकडच्या, मिठागरात राबलेल्या घरातल्या. लग्न होऊन रोह्यात आल्या त्याला तीस वर्षं झाली तरी बोलणं खाडीचंच राहिलं होतं. मुलांसमोर त्या मला मॅडम म्हणायच्या आणि डार्करूमचं दार लागलं की मायेनं 'बाय'. एकदा मी त्यांना पडद्यावरची खाच दाखवली. बराच वेळ बघून त्या म्हणाल्या, की आमच्या आगरातही असंच असतं, पाण्याचा रंग फिरला की समजायचं मीठ धरतंय, आणि नेमकं तेव्हाच ते ओढायला घ्यायचं, आधी नाय नि मागनं नाय. मला ते उदाहरण इतकं आवडलं की दुसऱ्याच दिवशी वर्गात वापरलं. ते कोणाचं, हे सांगायचं मात्र राहून गेलं.

सप्टेंबर संपता संपता कॉलेजात तपासणी समिती यायची ठरली. समिती येणार म्हटलं की आपल्याकडे एक काम आधी होतं, रोज लागणाऱ्या वस्तू लपवायच्या. चहाची पातेली, खुर्चीवरची उशी, डगमगत्या टेबलाखालचं विटेचं अर्धुक, ओल्या छत्र्यांसाठी ठेवलेली फुटकी बादली, सगळं जिन्याखाली गेलं. कुंड्या शेजारच्या शाळेतून उसन्या आल्या. ज्या यंत्रांना वर्षभर कोणी शिवलं नव्हतं त्यांच्यावर नावांच्या पट्ट्या चिकटल्या. दोन दिवस मी पेटी बंद करून ठेवली. समिती आली, फिरली, जेवली, समाधान व्यक्त करून गेली. तिसऱ्या दिवशी मी दिवा लावला आणि खाच सरकलेली होती.

तीन नॅनोमीटर. कोणाला सांगितलं तर हसेल इतकंच. दुपारी बघते तर ती दुसऱ्या बाजूला निघालेली. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा परत. मी दिवा बदलला, तारा बदलल्या, एकूण एक स्क्रू आवळला. जवळून जाणाऱ्या गाडीच्या धक्क्यानं टेबल हलत असेल म्हणून त्याच्या पायांखाली रबराचे तुकडे दिले. शेजारच्या रसायनशास्त्राच्या लोकांना पंखा लावू नका म्हणून सांगून आले, तेव्हा त्यांनी माझ्याकडे जरा काळजीनं पाहिलं. काहीच लागू पडेना. नवरात्र कसं आलं नि गेलं मला आठवत नाही. आठवतात ते न उघडता परत आणलेले जेवणाचे डबे, आणि गाडीत बसल्या बसल्या स्वतःलाच विचारलेला प्रश्न, आधी दिसत होतं ते काय होतं मग?

अशा वेळी माणूस कारण शोधत नाही, गुन्हेगार शोधतो. मला आठवलं, समितीच्या आधी सगळ्या खोल्या हिराकाकींनी पुसल्या होत्या. म्हणजे काचेवर फडकं फिरलं असणार, रेषा बुजल्या असणार. हे मी त्यांना एकटं गाठून विचारायला हवं होतं. मी विचारलं ते प्रॅक्टिकल चालू असताना, वीस मुलांच्या देखत. त्या म्हणाल्या, "काचेला मी हात नाय लावला." मी म्हणाले, "मग काय आपोआप झालं का?" आवाज माझाच होता, पण इतका चिरका मी तो कधी ऐकला नव्हता. मुलं भिंगांशी चाळा करत खाली बघू लागली. काकींनी हातातला ट्रे टेबलावर ठेवला आणि त्या बाहेर गेल्या. त्या दिवसापासून डार्करूमचं दार लागलं तरी मी मॅडमच होते.

कोजागिरीच्या आदल्या दिवशी खाच थांबली. सकाळी जागेवर, बारा वाजता जागेवर, तीन वाजता बाहेर रखरखीत ऊन आणि खाच जागेवर. पाच वाजता मी शेवटचा आलेख काढला तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. देवाला मी फारसा त्रास देत नाही, पण त्या दिवशी नमस्कार केला. काकी कुलूप लावायला आल्या होत्या. त्यांच्याशी बोलायला तोंड नव्हतं, तरी विचारलं, की आज इथे काही केलंत का. त्या म्हणाल्या, काय नाय, आपला मिठाचा सट तेवढा जागेवर ठेवला.

पेटीच्या आत, मागच्या कोपऱ्यात, काळ्या फडक्याखाली, एक जड वस्तू होती. ती मी जूनपासून बघत होते, मधले काही दिवस ती नव्हती हे मात्र लक्षातही आलं नव्हतं. पेटी हलू नये म्हणून सुतारानं वजन ठेवलं असावं अशी माझी समजूत. फडकं उचललं तर चिनीमातीचा सट, त्यात जाडं मीठ, वरून अर्धवट ओलं. काकींच्या घरी सुकटीच्या डब्याशेजारी असं मीठ ठेवतात, म्हणजे ओल मिठाला लागते, सुकटीला लागत नाही. एवढी महागाची काच बंद पेटीत राहणार, तिला ओल लागू नये म्हणून त्यांनी तो जूनमध्येच ठेवून दिला होता. समितीच्या नजरेला पडायला नको म्हणून जिन्याखाली नेला, आणि मग मी असं बोलल्यावर पेटीजवळ यायची त्यांची इच्छाच झाली नाही; त्या सकाळी, मी यायच्या आधी, जिना झाडताना तो पुन्हा दिसला तेव्हा ठेवून दिला. मला कधी सांगितलं नव्हतं, कारण मिठाचं काय सांगायचं.

काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, तो मी चार महिने घातला होता. भिंतीवरच्या काट्याकडे बघून मी ठरवत होते, की एवढा दमटपणा बदलूनही माझी खाच हलत नाही. पेटीच्या आत वेगळीच हवा होती. दुसऱ्या दिवशी एक छोटं आकड्यांचं यंत्र आणून पेटीत ठेवलं. बाहेर एक्क्याण्णव, आत पंचाहत्तर. दुपारी बाहेर साठ, आत पंचाहत्तर. ओलं मीठ बंद जागेत हवेचा दमटपणा पंचाहत्तराच्या आसपास धरून ठेवतं, हे पुस्तकात आहे. मीच ते कधीतरी शिकवलं होतं. जाडी साधण्याचं वर्ष, ती फिट्टंफाट, सरांचा तो अंगठा, हे सगळं त्या सटानं केलेलं होतं.

सेमिनारला पाच आठवडे होते. त्या पाच आठवड्यांइतकी भीती मला आयुष्यात कशाचीच वाटलेली नाही. आणि गंमत अशी, की आता वाट अगदी सरळ होती. सट परत आला होता, खाच थांबली होती. मी गप्प बसायचं, एवढंच काम. रोह्याच्या पेटीच्या कोपऱ्यात काय आहे, हे मुंबईत कोण विचारणार होतं? काकी कोणाला सांगायच्या नाहीत, कारण सांगण्यासारखं काही घडलंय हेच त्यांना माहीत नव्हतं. मी प्रबंधात दोन शब्द घातले, 'नियंत्रित वातावरणात'. खोटं नव्हतं. खोडले. पुन्हा लिहिले. दिवाळीच्या चिवड्यासाठी आईनं पातळ पोहे भाजून ठेवले होते, त्यात मीठ घालताना माझा हात थबकला. आई म्हणाली, एवढा विचार कसला करतेस, चमचाभर घाल. मी हसले आणि मग मोरीत जाऊन रडले.

भाऊबीज झाल्यावर पेण स्टेशनच्या बाकावर बसून भर दुपारी सरांना फोन केला आणि सगळं सांगितलं. एक मालगाडी पूर्ण निघून गेली. मग सर म्हणाले, की हे आत्ता सांगायचं, की पदवी झाल्यावर सुधारणा म्हणून लिहायचं, ते तू ठरव, मी दोन्हीकडे तुझ्याबरोबर आहे. माणूस चांगला आहे, म्हणूनच असं बोलला. मला त्यांचा भयंकर राग आला. मला कोणीतरी हुकूम द्यायला हवा होता.

हुकूम कोणी दिला नाही. पण एका दुपारी काकींनीच विचारलं, की मॅडम, तुमचा उजेड आता जागेवर बसला, मग तोंड असं का? आधी मी मुलांसमोर बोलले त्याची माफी मागितली. धड जमलं नाही. त्यांनी ते हातानंच बाजूला सारलं. मग मी त्यांना सगळं सांगितलं, सट, खाच, जाडी, नोकरी. काकी स्टुलावर बसून ऐकत होत्या.

"मीठ काढला तर तुझी काच काय करते?"

"सरकते."

"मग सरकते म्हनून सांग. तिनं काय चोरी केलीय?"

सेमिनारात मी सटाचा फोटो दाखवला. मागच्या रांगेत कोणीतरी हसलं. 'मीठ' हा शब्द मला दोनदा उच्चारावा लागला. माझ्या जाडीनं खाच थांबत नाही, मिठानं थांबते, हे सांगून मी खाली बसले. मोकळं वाटेल असं ऐकलं होतं. तसं काही वाटलं नाही. सेमिनारला बसलेल्या समितीनं एक वर्ष वाढवलं, मीठ ठेवून आणि मीठ काढून मोजा म्हणाले. मे महिन्यातल्या मुलाखती माझ्याशिवाय झाल्या. ज्यांना ती जागा मिळाली ते गृहस्थ शिकवतात चांगलं, रोज दुपारी आम्ही एका टेबलावर डबा खातो. मी अजून तासिका तत्त्वावरच आहे. याचं वाईट वाटत नाही असं म्हणायला मी काही संत नाही. जूनमध्ये वेळापत्रक लागतं तेव्हा अजूनही आधी माझं नाव आहे ना ते शोधते.

पुढचं वर्ष मोजण्यात गेलं. एक आठवडा मीठ ठेवून, एक आठवडा काढून. पेटीतल्या यंत्राचा आकडा दिवसातून तीनदा लिहायचा होता, आणि मी एक तर वर्गात नाहीतर गाडीत. काकी म्हणाल्या, मी लिवते. शंभर पानी वहीत मोठमोठे, थोडे कललेले आकडे येऊ लागले. त्या आकड्यांशेजारी खाच मांडली तेव्हा हळूहळू दिसायला लागलं, की हवेला लगाम घातला की खाचेलाही बसतो, आणि लगाम सोडला की खाच जितकी सरकते तितक्यावरून हवेतली ओल मोजता येते. न हलणारी काच करायला निघाले होते. हातात आली ती ओल मोजणारी.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षक बाई कडक म्हणून प्रसिद्ध होत्या. त्यांनी पानं चाळली, चाळली आणि परिशिष्टातल्या एका पानावर बोट ठेवलं. मीठ ठेवलेल्या, ऑगस्टमधल्या एका आठवड्यात, एका दिवसाच्या तिन्ही चौकटी रिकाम्या होत्या. वरखाली पंचाहत्तर, शहात्तर, पंचाहत्तर. त्यांनी विचारलं, हे रिकामं का? मी म्हणाले, आकडे लिहिणाऱ्या बाई लेकीकडे गागोद्याला गेल्या होत्या, पाणी चढल्यामुळे एक दिवस तिथेच अडकल्या. त्या म्हणाल्या, अंदाजानं भरता आलं असतं की.

इथे मी नुसतं हो म्हणून थांबू शकले असते. पण मग बाकीचं सांगून टाकलं. वही बघून मी स्वतःच म्हणाले होते, "पंचाहत्तर लिहून टाका, काकी. दुसरं काय असणार?" आदल्याच वर्षी भरल्या सभेत कबुली देऊन आलेली मी. आणि काकींनी वही माझ्याकडे सरकवली होती.

"मी बघितला नाय गो. न बघता कसा लिवू?"

परीक्षक बाईंनी मान हलवली आणि पान उलटलं. त्यांचे पुढचे दोन प्रश्न मला ऐकूच आले नाहीत, माझं मन त्या तीन रिकाम्या चौकटींपाशीच होतं.